मादणीचे प्रतापराव आणि आपली खातेवही



४ जून २०२४ रोजी मतमोजणीचा गुलाल उडाला आणि बुलडाणा लोकसभा मतदारसंघातून प्रतापराव गणपतराव जाधव सलग चौथ्यांदा निवडून आले. त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ जूनच्या सायंकाळी, राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात त्यांनी राज्यमंत्रिपदाची शपथ घेतली. आयुष मंत्रालयाचा स्वतंत्र कार्यभार आणि आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्रालयाचे राज्यमंत्रिपद अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांचे मूळ गाव मादणी हे आपल्या मेहकर तालुक्यातले. साहजिकच डोणगावासारख्या बाजारपेठेच्या गावाला या बातमीचे कौतुक अंमळ अधिकच वाटणार.

कौतुक करावे, हार घालावा, पेढे वाटावेत. त्यात गैर काही नाही. परंतु आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांत खासदाराचा विचार सहसा दोनच प्रसंगी होतो, एकदा वर्गणी देताना आणि एकदा सत्काराच्या हाराची वर्दी देताना. मधल्या पाच वर्षांत हा माणूस कोठून आला, कसा वाढला, त्याच्या हाती नेमके काय आहे आणि काय नाही, हे आपण क्वचितच तपासतो. ज्याच्याशी पाच वर्षांचा व्यवहार करावयाचा, त्याची पेढी एकदा नीट पाहून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रतापरावांचा जन्म २५ नोव्हेंबर १९६० चा. मेहकर विधानसभा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व त्यांच्या आधी काँग्रेसचे सुबोध सावजी यांनी केले होते. १९९५ मध्ये शिवसेनेच्या उमेदवारीवर प्रतापराव येथून प्रथम आमदार झाले, तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. राज्यात त्या वर्षी शिवसेना-भाजप युतीचे पहिले सरकार आले. १९९७ ते १९९९ या काळात ते त्या सरकारात राज्यमंत्री होते. क्रीडा, युवक कल्याण आणि पाटबंधारे ही खाती त्यांनी पाहिली. पुढे १९९९ आणि २००४ या दोन्ही निवडणुका त्यांनी मेहकरमधूनच जिंकल्या. तीन वेळा आमदार, मधे अल्पकाळ मंत्री. एवढ्यावरही एखाद्याची कारकीर्द स्थिरावली असती.

तिला वळण दिले ते मतदारसंघांच्या पुनर्रचनेने. २००४ पर्यंत बुलडाणा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता, तर मेहकर विधानसभा मतदारसंघ खुला होता. २००८ मध्ये नवी रचना अमलात आली आणि पारडे नेमके उलटे फिरले: मेहकर राखीव झाले, बुलडाणा खुले झाले. ज्या मतदारसंघातून आपण तीनदा निवडून आलो, तेथे उमेदवारी अर्ज भरण्याचीही सोय प्रतापरावांना उरली नाही. पण त्याच कागदाने दिल्लीचे दारही त्यांना उघडून दिले. बुलडाण्याचे तत्कालीन खासदार आनंदराव अडसूळ हे अमरावतीला गेले, बुलडाण्याची उमेदवारी प्रतापरावांना मिळाली आणि २००९ मध्ये ते लोकसभेत पोहोचले. मेहकरमधून संजय रायमुलकर निवडून येऊ लागले. दुकानासमोरचा रस्ता बंद होऊन मागल्या बाजूने नवा हमरस्ता निघावा, आणि ज्याने वेळीच मागच्या भिंतीला दार पाडले त्याचा धंदा वाढावा, असे आपल्या बाजारात घडते, राजकारणातही घडते. हे केवळ नशीब होते असे मात्र म्हणवत नाही. दार उघडले तेव्हा तीन निवडणुकांची पुंजी हाताशी नसती, तर त्यातून दुसराच कोणी आत गेला असता.

या बदलाला आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यापूर्वी बुलडाण्याहून दिल्लीस गेलेल्यांत जी नावे ठळक आहेत, ती बाळकृष्ण वासनिक, त्यांचे पुत्र मुकुल वासनिक आणि आनंदराव अडसूळ यांची. तिघेही जिल्ह्याबाहेरचे. त्यांच्या कर्तृत्वाला त्यामुळे उणेपणा येत नाही. मुकुल वासनिक १९८४ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी येथून निवडून आले आणि पुढे नरसिंह राव यांच्या सरकारात राज्यमंत्री झाले. अडसूळ हे वाजपेयींच्या सरकारात अर्थ खात्याचे राज्यमंत्री होते. म्हणजे बुलडाण्याला मंत्रिपद मिळाले ते काही पहिल्यांदा नव्हे. आधीही दोनदा मिळाले आणि दोन्ही वेळा ते येऊन गेले. ज्यांच्या स्मरणात ती वर्षे असतील, त्यांनी आपल्या पेठेत त्यापायी काय बदलले ते आठवून पाहावे. अर्थ खात्याचा राज्यमंत्री ज्या मतदारसंघाचा होता, त्याच मतदारसंघातील मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, चिखली या तालुक्यांतून आजही रेल्वे धावत नाही.

आता थोडे आकडे पाहू. आकड्यांचा कंटाळा आपल्या घरांत कोणास नसतो.

२००९ मध्ये प्रतापरावांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे राजेंद्र शिंगणे यांचा सुमारे २८ हजार मतांनी पराभव केला. २०१४ मध्ये कृष्णराव इंगळे यांच्यावर त्यांनी मिळवलेले मताधिक्य दीड लाखाच्या वर गेले. २०१९ मध्ये पुन्हा शिंगणे समोर होते. तेव्हाचे मताधिक्य १ लाख ३३ हजारांच्या घरात राहिले. आणि २०२४ मध्ये प्रतापरावांना ३ लाख ४९ हजार ८६७ मते मिळाली, तर शिवसेनेच्या ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर यांना ३ लाख २० हजार ३८८. फरक २९ हजार ४७९ मतांचा. पंधरा वर्षांत बाकी वाढत गेली, मग ओसरली आणि जवळपास आरंभीच्याच आकड्यावर परत आली.

मधल्या काळात पक्ष दुभंगला होता. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि प्रतापराव एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. ते योग्य की अयोग्य, हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न आहे आणि हे पान त्यासाठी नाही. एवढे मात्र खरे की २०२४ मध्ये विदर्भातील दहा जागांपैकी महायुतीच्या वाट्यास तीनच आल्या, नागपूर, अकोला आणि बुलडाणा. शिंदे यांच्या पक्षाचे सात खासदार निवडून आले, त्यांतून केंद्रात मंत्रिपद एकट्या प्रतापरावांना मिळाले. पडत्या बाजारात ज्याचा माल विकला गेला, त्याची पत वाढणे हे ओघानेच आले.

परंतु या निवडणुकीतील सर्वांत बोलका आकडा जिंकणाऱ्याचा नाही, हरणाऱ्या दुसऱ्याचाही नाही. तो तिसऱ्याचा आहे. अपक्ष उभे राहिलेले रविकांत तुपकर यांना जवळपास अडीच लाख मते पडली. हातात मोठ्या पक्षाचे चिन्ह नसताना एवढी मते पडतात, तेव्हा ती एका माणसाला पडलेली नसतात. तुपकर हे राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेतून पुढे आलेले कार्यकर्ते. शेट्टी हे आपल्या समाजातले, शिरोळच्या शेतकरी घरातले. ऊसदराच्या आंदोलनातून ते २००४ मध्ये आमदार झाले आणि प्रतापराव प्रथम लोकसभेत गेले त्याच २००९ च्या निवडणुकीत हातकणंगल्यातून खासदार झाले. दक्षिण महाराष्ट्रात जे उसाने घडविले, ते आपल्याकडे सोयाबीन आणि कापसाने घडवू पाहिले, असे म्हणता येईल.

आणि येथेच हा विषय आपल्या गादीवर येऊन बसतो. आपल्यापैकी अनेकांची अशी समजूत आहे की सोयाबीनचा भाव हा शेतकऱ्याचा प्रश्न. आपण आज ज्या भावात घेऊ, उद्या त्यावर दोन पैसे ठेवून विकू. वस्तुतः तसे नाही. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले होते. त्यानंतर ते उतरत गेले. २०२३-२४ च्या हंगामात हमीभाव ४,६०० रुपये असताना बाजारात त्याहून खाली सौदे झाले. १९ जून २०२४ रोजी पुढच्या हंगामासाठी ४,८९२ रुपये जाहीर झाले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला नाही की किराणा दुकानाची उधारी दिवाळीत फिटत नाही, ती अक्षय्य तृतीयेवर जाते. कापड दुकानात लग्नाचा बस्ता अर्धा होतो. सोन्याच्या दुकानात घेणारा कमी आणि मोडणारा अधिक येतो. डोणगावसारख्या गावात आपल्या गल्ल्यात येणारा प्रत्येक रुपया आधी कोणाच्या तरी शेतातून निघालेला असतो. ते अडीच लाख मतदार आपले गिऱ्हाईकच आहेत.

मग हा भाव ठरतो कोठे? मेहकरच्या बाजार समितीत बोली लागते एवढेच. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. त्यावर आयातशुल्क किती असावे, हे दिल्लीत ठरते. महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी ते शुल्क खाली आणले गेले. शहरातल्या गृहिणीला त्याचा दिलासा मिळाला आणि त्याचा भार सोयाबीन पिकविणाऱ्यावर पडला. सोयाबीनच्या वायदे व्यवहारांवर डिसेंबर २०२१ मध्ये बंदी आली, ती २०२४ मध्येही उठलेली नव्हती. पुढच्या महिन्यांचा अंदाज बांधण्याचे एक साधन त्यामुळे व्यापाऱ्याच्या हातून गेले. वायदे बाजाराविषयी मतभेद आहेत, आपल्या समाजातही आहेत; सट्ट्यात घरे बुडालेली ज्यांनी पाहिली, त्यांना बंदीच बरी वाटते. तो वाद क्षणभर बाजूस ठेवू. सांगावयाचे ते इतकेच की हे दोन्ही निर्णय केंद्राचे आहेत, आणि केंद्रात आपला माणूस म्हणून आपण एकालाच निवडून पाठविले आहे.

निवेदन कोणत्या दारी द्यावे, याचा आपल्याकडे फार गोंधळ असतो. बाजार समितीचा कायदा राज्याचा, तेथे खासदार काय करणार? त्यासाठी आमदाराकडे जावे. पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, छापील नावाच्या धान्यावर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी लागला. तो दर ठरविणाऱ्या परिषदेत केंद्राचे आणि सर्व राज्यांचे अर्थमंत्री बसतात, म्हणून तेथे राज्याच्या अर्थमंत्र्यांनाही विचारावे लागते. आयातशुल्क, वायदे बाजार, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, आयकर ही मात्र खासदाराच्या दारातली कामे. आपण बहुधा उलट करतो. खासदाराला गल्लीतल्या रस्त्याचे डांबर मागतो आणि आयातशुल्काविषयी चहाच्या टपरीवर बोलतो.

रस्ता-डांबराची मागणी खासदार निधीवर डोळा ठेवून होते. त्या निधीचाही हिशेब मांडू. वर्षाला पाच कोटी रुपये. २०११-१२ पासून हाच आकडा आहे, आणि कोविडच्या काळात तोही काही काळ थांबला होता. बुलडाणा मतदारसंघात बुलडाणा, चिखली, सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव आणि जळगाव जामोद असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. मतदार सुमारे पावणेअठरा लाख. भागाकार केला तर डोई वर्षाला अठ्ठावीस रुपये पडतात. त्यातही खासदार काम सुचवितो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाकडे. अठ्ठावीस रुपयांसाठी ज्याच्या मागे पाच वर्षे धावावे, एवढा तो व्यवहार मोठा नाही.

मोठा व्यवहार रेल्वेचा आहे. जिल्ह्यात रेल्वे आहे ती उत्तरेच्या कडेने, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी. जलंबहून खामगावला एक छोटा फाटा येतो आणि तेथेच संपतो. खामगाव ते जालना हा मार्ग व्हावा, ही मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. निम्मा खर्च राज्याने उचलण्याची तयारी दाखविल्यापासून तिच्यात पुन्हा धुगधुगी आली आहे. हा मार्ग झालाच, तरी तो चिखली, देऊळगावराजाकडून जाईल. डोणगावच्या माणसाला तेव्हाही वाशीमचे स्थानक जवळचे वाटेल. तेव्हा आपण त्या मागणीत सामील व्हावे, परंतु डोणगावच्या मालासाठी काय, हा वेगळा प्रश्न वेगळा म्हणूनच मांडावा.

रस्त्याच्या बाबतीत आपले नशीब बदलले आहे. ते कोणत्या बाजूस, हे अजून ठरावयाचे आहे. नागपूरहून मालेगाव, डोणगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना असा मुंबईकडे जाणारा जुना रस्ता गावातून जात असे आणि त्या रस्त्यावर पेठ उभी राहिली. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. तोही आपल्याच भागातून जातो, पण वेगाने निघून जातो. मेहकरजवळ त्यावर चढण्या-उतरण्याची जागा आहे. तेथे धान्याची गोदामे, शीतगृह, तेलाची घाणी उभी राहिली तर पेठेला बळ येईल. न राहिली तर ट्रक नागपूरहून निघून थेट जालन्यात थांबेल. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस जीव गेले, तेही याच रस्त्यावर. सुरक्षेची मागणी ही व्यापाराच्या मागणीच्या आधीची आहे, हे वेगळे सांगावयास नको.

जाता जाता एक गोष्ट. डोणगावच्या श्रावकाला सर्वांत जवळचे मोठे तीर्थ म्हणजे शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. ते वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, आणि लोकसभेच्या हिशेबाने अकोला मतदारसंघात येते. दर्शनाला जाताना आपण एक जिल्हा आणि एक खासदार ओलांडतो. मतदारसंघाच्या रेषा पायांना दिसत नाहीत. २००८ मध्ये त्याच रेषांनी एका आमदाराला खासदार केले, हे मात्र आपण वर पाहिले.

आता मंत्रिपदाविषयी. मंत्री झाला म्हणजे खासदाराचे बळ वाढले, असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे. साधा खासदार प्रश्नोत्तराच्या तासात सरकारला प्रश्न विचारू शकतो, खासगी विधेयक मांडू शकतो, संसदेच्या स्थायी समितीत बसू शकतो. प्रतापराव २०१९ नंतर ग्रामविकासाच्या स्थायी समितीचे आणि २०२२ पासून दळणवळण व माहिती तंत्रज्ञानाच्या स्थायी समितीचे अध्यक्ष होते. या समित्या वृत्तपत्रांत फारशा दिसत नाहीत, पण खात्यांच्या सचिवांना समोर बसवून जाब विचारण्याची जागा तीच. मंत्री झाल्यावर हे तिन्ही अधिकार जातात. आता प्रश्न दुसरे विचारणार आणि उत्तर यांनी द्यावयाचे. सोयाबीनच्या आयातशुल्काविषयी बुलडाण्याचा खासदार यापुढे सभागृहात उभा राहून विचारू शकणार नाही. त्याला ते संबंधित मंत्र्याच्या दालनात जाऊन, दार लावून बोलावे लागेल. ते तो बोलला की नाही, हे आपल्याला कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे आपण लेखी विचारणे आणि लेखी उत्तर मागणे.

खाते मात्र आपल्या ओळखीचे मिळाले आहे. आयुष हे मंत्रालय ९ नोव्हेंबर २०१४ रोजी स्वतंत्र झाले आणि गोव्याचे श्रीपाद नाईक यांनी ते आरंभीची वर्षे सांभाळले. आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा, होमिओपॅथी हे सारे त्याच्या कक्षेत येते. आपल्या कितीतरी जुन्या दुकानांच्या मागल्या फळीवर हिरडा, बेहडा, सुंठ, ज्येष्ठमध, अश्वगंधा यांचे डबे आजही आहेत; काष्ठौषधींचा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. औषधी वनस्पतींच्या लागवडीला व बाजाराला साह्य करणारे राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ याच मंत्रालयाखाली चालते. पलीकडे अकोट आणि अंजनगाव सुर्जीच्या भागात पानपिंपळी पिकते, पण ती पिकविणाऱ्याला खात्रीचा भाव आणि खात्रीचा खरेदीदार मिळण्याची अडचण जुनीच आहे. सोयाबीनवर सगळा भार टाकून बसलेल्या मेहकर तालुक्यात अश्वगंधेसारखे पीक काही एकरांवर येऊ शकेल काय, आले तर ते वाळवून, निवडून, प्रत लावून विकण्याचे काम कोण करील, त्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा किती अंतरावर असेल, हे प्रश्न शेतकऱ्याइतकेच आडत्याचे आहेत, आणि ते ऐकण्याचा अधिकार आज मेहकर तालुक्यातल्याच माणसाकडे आहे.

सत्काराच्या सभेत असे प्रश्न विचारले जात नाहीत. तेथे शाल, श्रीफळ आणि छायाचित्र यांतच वेळ जातो. म्हणून ते आधीच कागदावर लिहून न्यावेत. आवक किती, हमीभाव किती, प्रत्यक्ष सौदा कितीला झाला, उधारी किती थकली, हे गेल्या तीन हंगामांचे आकडे आपल्या वह्यांत आहेतच. पर्युषणानंतर नवे सोयाबीन बाजारात येऊ लागेल. त्याआधी ती एक पानाची टिपणी मेहकरच्या कार्यालयात आणि तिची प्रत दिल्लीस, पोच घेऊन द्यावी.